झाड हलू द्यायचं की कॅमेरा हलवायचा? निसर्गाच्या फोटोंमध्ये प्रयोग कसे करावेत

माझा पहिला प्रयोग म्हणजे निव्वळ चूक होती. संध्याकाळचा उजेड उतरत आला होता, शटर (उजेड आत घेणारा पडदा) १/४ सेकंदावर गेलंय याकडे माझं लक्षच नव्हतं, आणि बटण दाबता दाबता मी कॅमेरा खाली घेतला. पडद्यावर उंच झाडांच्या जागी हिरव्या-तपकिरी उभ्या रेघा उमटल्या होत्या, ओल्या कुंचल्याने ओढाव्यात तशा. फोटो आवडला. दुसऱ्या दिवशी तसाच काढायला गेलो तर काही केल्या जमेना. शटर तेच, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक तेच, झाडं तीच. पण रेघा कधी वाकड्या यायच्या, कधी सगळ्याचा नुसता चिखल व्हायचा. तेव्हा लक्षात आलं की फोटोच्या फाइलमध्ये शटर, ॲपर्चर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता), लेन्स, वेळ असं सगळं आपोआप नोंदलं जातं. हात कुठून निघाला, किती वेगाने गेला आणि कुठे थांबला, हे मात्र कुठेच नसतं.

चुकून चांगला फोटो कोणालाही मिळतो. तोच ठरवून दुसऱ्यांदा काढता आला, तर त्याला मी प्रयोग म्हणतो. खालचे सगळे प्रकार त्याच हिशोबाने लिहिले आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं.

आधी कॅमेरा तयार करा

शटर स्वतः ठरवता येईल असा कुठलाही कॅमेरा चालेल, लेन्सही एकच पुरे. आयएसओ सगळ्यात खाली, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १०० वर ठेवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवरून काढून एका जागी बांधा, नाहीतर वीस फोटोंत वीस प्रकारचे हिरवे मिळतात आणि फरक हातामुळे पडला की कॅमेऱ्याच्या लहरीमुळे, ते कळत नाही. फोकस एकदा झाडावर करून मॅन्युअलवर टाका.

आणि स्टॅबिलायझेशन बंद करा. हात हलला की तो सावरणं हेच त्याचं काम. आपण मुद्दाम हात हलवणार, आणि ते बिचारं आपल्याशी झगडत बसणार. माझा पहिला आठवडा यातच वाया गेला. रेघा मध्येच का तुटतात, हे कळत नव्हतं.

मग उजेडाचा हिशोब. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ/१६ (आकडा मोठा तेवढं भोक बारीक) ठेवलं की शटर साधारण १/१०० सेकंद येतं. हा फोटोग्राफीतला जुना 'सनी सोळा' नियम. एवढ्या वेळात हात कितीही हलवला तरी हवी तशी रेघ उमटत नाही. चांगलं ढगाळ असेल तर उजेड तीनेक स्टॉपनी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो आणि शटर १/१२ च्या आसपास येतं. त्यावर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) चढवला की तो आणखी दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे आपण १/४ ते १/३ सेकंदापर्यंत येतो. म्हणून ढगाळ दिवस, पहाट किंवा सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास या प्रयोगांना बरा. उन्हातच काढायचं असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागेल. तो उजेड ६४ पट कमी करतो, म्हणजे १/१०० चं शटर थेट ०.६ सेकंदावर येतं.

पोलरायझरचा दुसरा फायदा उजेडापेक्षा मोठा आहे. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो. ही चमक का नको, ते पुढे येईलच.

उभी झाडं, उभा हात

सुरुवात इथून करा, कारण इथे चूक लगेच दिसते. सरळ वाढलेली, एकमेकांपासून थोडी लांब असलेली झाडं शोधा. खोडांचा आणि मागच्या पानांचा रंग वेगळा हवा. सगळंच हिरवं असेल तर रेघा एकमेकींत विरघळतात.

शटर १/२ सेकंद ठेवा. पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा, कोपरं बरगड्यांना टेकवा. कॅमेरा मनगटातून हलवायचा नाही. मनगट गोलाकार फिरतं आणि खोडं धनुष्यासारखी वाकतात. कमरेतून वाकायचं, कोपरं आणि कॅमेरा एकजीव ठेवून. आता बटण न दाबता तीन-चार वेळा नुसता वरून खाली सराव करा. मग हालचाल आधी सुरू करा, कॅमेरा चालू असतानाच बटण दाबा, आणि शटर बंद झाल्याचा आवाज आला तरी थांबू नका. चेंडू टाकल्यावर हात जसा पुढे जातोच, तसं. हालचाल आणि बटण एकदम सुरू केलं तर रेघेच्या टोकाला गाठ पडते, कारण पहिल्या क्षणी हात जवळजवळ स्थिर असतो.

किती हलवायचं? ५० मिमीची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवी धरली तर तिला वर-खाली साधारण २७ अंश दिसतं. अर्ध्या सेकंदात पाच-सहा अंश हललात, तर फ्रेमच्या उंचीच्या पाचव्या भागाइतकी रेघ उमटते. खोड खोड म्हणून ओळखू येतं, पानं मात्र धुराच्या पट्ट्या होतात. पंधरा अंश हललात तर झाड संपलं, नुसता रंग उरला. माझा कल कमी हलवण्याकडे आहे. बघणाऱ्याला आधी झाड दिसावं आणि मग ते विरघळताना दिसावं. पूर्ण अमूर्त करायचं असेल तर मग झाडापर्यंत चालत कशाला जायचं, घरातली चादरही चालेल! लेन्स लांब असेल तर त्याच हालचालीची रेघ मोठी येते, म्हणून २०० मिमीवर हात अगदी थोडासा हलवा.

आता ती चमक. फांद्यांच्या फटींतून आभाळाचे पांढरे ठिपके दिसत असतील तर प्रत्येक ठिपका एक पांढरी रेघ ओढणार, आणि डोळा सगळं सोडून तिच्याकडेच जाणार. ओल्या पानावरच्या चमकीचंही तेच. त्यामुळे फ्रेम ठरवताना वरची कड आधी तपासा आणि आभाळ बाहेर ठेवा. थोडं खाली उतरून किंवा चढाच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की मागे जमीन येते आणि प्रश्न सुटतो.

आणखी एक गंमत सांगतो. बारीक ॲपर्चरवर सेन्सरवरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवरची धूळ दिसू लागते. धूळ सेन्सरला चिकटलेली असते, त्यामुळे आपण कॅमेरा कितीही हलवला तरी ती फ्रेममध्ये जागची हलत नाही. सगळा फोटो कापसासारखा मऊ, आणि त्यात धुळीचे चार डाग मात्र ठळक. प्रयोगाच्या आदल्या दिवशी एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढून डाग बघून घ्या. एफ/२२ च्या मागे लागण्यापेक्षा एफ/११ आणि एनडी बरा, डाग फिके पडतात.

उभा हात बसला की एक बदल करा: 'थांबा आणि निघा'. शटर १ सेकंद, कॅमेरा ट्रायपॉडवर. अर्धा सेकंद अजिबात हलू नका, मग वरच्या दिशेने सावकाश निघा. झाडाची एक स्पष्ट प्रतिमा राहते आणि तिच्यातून रेघा निघालेल्या दिसतात. किती वेळ थांबलात यावर स्पष्ट आणि धूसर यांचं प्रमाण ठरतं. मनात आकडे मोजून काढा, म्हणजे तेच प्रमाण दुसऱ्यांदाही मिळेल.

पाण्यावर आडवं

समुद्र, तळं, गवताळ माळ, वाळू यांच्या रेघा आडव्या, म्हणून हातही आडवा. इथे एकच अडचण, पण ती मोठी: क्षितिज अर्ध्या अंशाने कललं तरी खुपतं. ट्रायपॉडचं डोकं आडवं फिरेल एवढंच सैल करा आणि आधी डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना क्षितिज सरळ आहे का बघून घ्या. नुसतं मध्ये सरळ असून उपयोग नाही. ओल्या वाळूची पट्टी, फेस, गडद पाणी, फिकट आभाळ असे चार रंग वेगळे दिसत असतील तेव्हा हा फोटो जमतो. सगळं राखाडी असेल त्या दिवशी मी कॅमेरा बाहेर काढत नाही.

कॅमेरा स्थिर, झाड हलतं

आता उलटं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, दोन सेकंदांचा टायमर लावलेला, आणि वाऱ्याची वाट बघायची. शटर १ ते २ सेकंद. खोड आणि जाड फांद्या स्पष्ट येतात, टोकाची पानं पुसट होतात. बघताना वारा दिसतो, जो एरवी फोटोत कधीच दिसत नाही.

एका झाडासमोर उभं राहून वाऱ्याच्या झुळका मोजल्या तर त्यांची एक लय सापडते: जोर, मग थोडी उसंत, मग पुन्हा जोर. उसंतीच्या शेवटी बटण दाबा. निम्मा वेळ पान स्थिर राहतं, निम्मा वेळ हलतं. पानाची कड शाबूत राहते आणि तिच्याभोवती हिरवा धूर दिसतो. वारा चालू असतानाच दाबलं तर कड जाते आणि नुसता धूर राहतो. पहिला प्रकार मिळायला पंचवीस-तीस प्रयत्न लागतात. तेवढे लागू द्या.

वाहत्या पाण्यासाठी हिशोब तोच, वेळ वेगळी. १/४ ते १/२ सेकंदावर पाण्याच्या धारा धारांसारख्या दिसतात, दगडावरून उतरताना पाणी कुठे वळलं ते कळतं. पाच सेकंदांच्या पुढे दूध, आणि तीस सेकंदांवर धुकं. दुधासारखं पाणी आता इतक्या वेळा पाहिलंय की मला त्याचा कंटाळा आलाय. पण पाऊण तास बसून स्वतः एकदा काढल्याशिवाय तुम्हालाही येणार नाही, तेव्हा काढाच. त्यासाठी दहा स्टॉपचा एनडी लागतो. तो उजेड सुमारे हजार पट कमी करतो: फिल्टरशिवाय १/६० सेकंद असेल तर फिल्टरने साधारण १७ सेकंद, १/३० असेल तर ३३. हा फिल्टर लावल्यावर कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून फ्रेम आणि फोकस आधी, फिल्टर नंतर. आरशाचा डीएसएलआर असेल तर मागच्या व्ह्यूफाइंडरवर झाकण किंवा टोपी ठेवा, तिथून उजेड शिरतो आणि फोटोवर विचित्र पट्टा येतो. एनडी लावलेला असला तरी व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. तो फिल्टर डोळ्यांच्या रक्षणासाठी केलेला नसतो.

मोबाइलमध्ये ॲपर्चर बहुधा बदलता येत नाही, त्यामुळे दिवसा शटर लांबवलं की फोटो पांढराफटक होतो. तिथे दुसरी वाट आहे: पुष्कळ छोटे फोटो एकत्र करून लांब शटरचा परिणाम साधायचा. आयफोनमध्ये आयओएस ११ पासून लाइव्ह फोटोला 'लाँग एक्स्पोजर' करता येतं. पाण्यासाठी ते छान चालतं. कॅमेरा हलवण्याच्या प्रयोगांना नाही, कारण फोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून घेऊ बघतो.

एकावर एक

झाडाभोवती फिरून काढलेल्या अनेक फोटोंचा एक फोटो करण्याची पद्धत छायाचित्रकार पेप वेंतोसा यांच्या कामामुळे ओळखीची झाली. दिसायला अवघड, करायला सोपी, चालायला मात्र कटकटीची.

एकटं उभं असलेलं, सगळ्या बाजूंनी फिरता येईल असं झाड निवडा. पडद्यावर जाळी चालू करा आणि खोडाचा बुंधा दर वेळी जाळीच्या त्याच रेघेवर, त्याच उंचीवर ठेवा. झूम बदलायचा नाही, अंतर शक्यतो सारखं ठेवायचं. दर चार-पाच पावलांवर एक असे वीस फोटो काढत फेरी पूर्ण करा. नजर पडद्यावर आणि पाय मागे अशा अवस्थेत मी एकदा गुडघाभर चिखलात बसलो आहे, म्हणून सांगतो: आधी कॅमेरा खाली ठेवून एक फेरी नुसती चालून या. रोपटी, घरटी, खड्डे सगळं दिसतं, आणि आपल्या पायाखाली काय तुडवलं जाणार तेही कळतं.

आता हे वीस फोटो संगणकावर एकावर एक ठेवायचे. तळातला थर १०० टक्के, त्यावरचा ५०, मग ३३, मग २५, मग २०. म्हणजे कितवा थर आहे त्याने शंभराला भागायचं. विसावा थर ५ टक्के. अशाने प्रत्येक फोटोचा वाटा समान राहतो. सगळेच थर ५० टक्क्यांवर ठेवले तर वरचे दोन-तीनच दिसतात आणि खालची मेहनत वाया जाते. फोटोशॉपमध्ये सगळ्या थरांचा मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोड 'मीन' (सरासरी) निवडला तर हा भागाकार तोच करतो. जिम्पसारख्या मोफत प्रोग्राममध्ये हाताने टक्के टाकावे लागतात, दहा मिनिटांचं काम आहे. खोड एका जागी घट्ट दिसतं आणि भोवती फांद्यांचं भिरभिरणारं वलय तयार होतं. तसं झालं नाही, खोडच फुटून दोन-तीन दिसली, तर बुंधा जाळीवरून हलला होता.

काही कॅमेऱ्यांत मल्टिपल एक्स्पोजरची सोय आतच असते. तिथे 'ॲव्हरेज' निवडलं तर उजेड कॅमेरा सांभाळतो. 'ॲडिटिव्ह' निवडलं तर उजेडाची बेरीज होते, म्हणून प्रत्येक फोटो आधीच काळसर काढावा लागतो: दोन असतील तर एक स्टॉप कमी, चार असतील तर दोन, आठ असतील तर तीन.

याच बेरजेतून आणखी एक सुंदर गोष्ट साधते. फिक्या आभाळासमोर काळं दिसणारं झाड पहिल्या फोटोत घ्या. दुसरा फोटो जवळच्या एखाद्या पोताचा: सालीचा, दगडावरच्या शेवाळाचा, वाळलेल्या पानांचा. आभाळ आधीच पांढरं असल्याने त्यात आणखी काही मावत नाही; काळ्या झाडात मात्र जागा रिकामी असते, दुसरा फोटो तिथेच उमटतो. शेवाळाचं झाड तयार. पहिल्या फोटोत आभाळ जेवढं पांढरं आणि झाड जेवढं काळं, तेवढं हे स्वच्छ येतं.

काही छोटे उद्योग

लेन्सच्या अगदी पुढ्यात एखादं पान किंवा गवताची पाती धरून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून पलीकडचं झाड टिपा. पाती रंगाच्या पडद्यासारखी विरते. जुन्या, टाकाऊ यूव्ही फिल्टरच्या कडांना किंचित व्हॅसलीन लावलं तर कडा वितळतात. लेन्सच्या काचेला मात्र बोटही लावू नका. पाण्यातलं प्रतिबिंब काढून फोटो उलटा करणं हा सगळ्यात स्वस्त आणि पुष्कळदा सगळ्यात चांगला प्रयोग.

इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तांबड्यापलीकडचे किरण टिपायला थोडा धीर लागतो. ७२० नॅनोमीटरचा काळा दिसणारा फिल्टर लावला की पानं बर्फासारखी पांढरी येतात, कारण हरितद्रव्य हे किरण शोषत नाही आणि पानाच्या आतली पेशींची रचना ते परत विखुरते. असे फोटो रॉबर्ट वूड या भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली प्रसिद्ध केले, म्हणून याला 'वूड परिणाम' म्हणतात. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर हे किरण अडवणारी काच असते, त्यामुळे भर उन्हातही शटर बरेच सेकंद उघडं ठेवावं लागतं. आपला कॅमेरा थोडेतरी किरण आत घेतो का, हे बघायला टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे रोखून बटण दाबा. पडद्यावर रिमोटचा दिवा चमकला तर आशा आहे.

संगणकावर कुठवर जायचं

वेगळ्या फोटोतलं आभाळ आणून बसवणं ही आजची लबाडी आहे असं अनेकांना वाटतं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात समुद्राच्या काही चित्रांसाठी हेच केलं होतं. त्या काळची कलोडियन या रसायनाचा थर दिलेली काच (निगेटिव्ह) निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद द्यायची, त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आभाळ पांढरं पडायचं. त्याने आभाळाची वेगळी काच घेतली आणि दोन्ही क्षितिजाच्या रेघेवर जोडल्या.

तेव्हा जोडायचं तर जोडा, फक्त सांगून जोडा. एफआयएपी आणि पीएसए या छायाचित्रण संस्थांच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धांत 'निसर्ग' विभागात फोटोतली गोष्ट काढणं, घालणं किंवा हलवणं चालत नाही. वर सांगितलेले एकावर एक रचलेले फोटो तिथे पाठवू नका. त्यांची जागा सर्जनशील किंवा प्रायोगिक विभागात. फोनमधल्या एका बोटात झाड वितळवून देणाऱ्या फिल्टरबद्दल माझी तक्रार वेगळी आहे: तो सगळी झाडं एकसारखीच वितळवतो. वारा कुठून होता, ते त्याला कुठून कळणार?

वही

खिशात छोटी वही ठेवा, किंवा फोनवर आवाज नोंदवा. प्रत्येक फोटोची नोंद नको, दर प्रयोगाची एक ओळ पुरे. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: 'उभी खोडं, १/२ से., एफ/११, ७० मिमी. वरून खाली, कमरेतून, सावकाश. आधी सुरू, नंतर थांबलो. वारा नाही. १२ ते ३१ पैकी १९, २४, २७ बरे.' फ्रेमचे आकडे लिहिले की घरी गेल्यावर कुठला फोटो कुठल्या हालचालीचा, ते शोधत बसावं लागत नाही.

तिथेच पडद्यावर बघून फोटो पुसू नका. पुसट फोटो छोट्या पडद्यावर एकतर फार भारी दिसतात नाहीतर अगदीच टाकाऊ. आठवडाभराने संगणकावर आधी नखाएवढ्या आकारात बघा. त्या आकारात जो डोळ्यांत भरतो तोच पूर्ण उघडा. दोनशेपैकी तीन-चार उरले तर दिवस चांगला गेला. उरलेल्यांपैकी एक निवडा, वहीतली त्याची ओळ शोधा, त्याच झाडाकडे जा आणि ओळीत लिहिलंय तसंच्या तसं वीस वेळा काढा. माझे पहिल्या वेळी वीसपैकी दोनच आधीच्या फोटोच्या जवळपास आले होते, तिसऱ्या फेरीत अकरा. मग मी शटर १/२ वरून १ सेकंद केलं, बाकी काहीच बदललं नाही, आणि नवी ओळ सुरू केली.